सत्तावीस नंबरची तक्रार

मुकुंदराव टिपणिसांना इंजिनाचं दुखणं कानानं कळायचं. पदरचं काही घालून सांगत नाही. कलकत्त्यातल्या आपल्या मराठी मंडळींपैकी ज्याच्या दारात म्हणून मोटार होती, तो ती कुरकुरायला लागली की आधी गार्डन रीचला टिपणिसांचा जिना चढायचा. मुकुंदराव जेवत असले तरी हात धुऊन खाली यायचे. हातभर लांब पेचकसाचं टोक चालू इंजिनावर टेकवायचं, त्याची लाकडी मूठ कानामागच्या हाडाला लावायची आणि डोळे मिटून ओणवं उभं राहायचं. दोन मिनिटांनी डोळे उघडून सांगायचे, बेअरिंग गेलंय, किंवा काही नाही हो, टॅपेट ढिला आहे. त्यात चूक म्हणून कधी झाली नाही.

त्यांचं एक ठरलेलं पुराण होतं, ते ऐकल्याशिवाय गाडी परत मिळत नसे. म्हणायचे, इंजिन एकाएकी कधीच मरत नाही, ते आधी सांगतं. सकाळी थंड असताना खालून टकटक करतं आणि तापलं की गप्प होतं. मालक म्हणतो, गेला आवाज. मग पुलाच्या चढावर दम खातं. मालक म्हणतो, पेट्रोलच भेसळीचं. मग एखाद्या वळणावर तेलाचा लाल दिवा क्षणभर लागतो अन् विझतो. तेव्हाही हे महाशय म्हणतात, विझला ना, मग झालं. चौथ्यांदा ते काही सांगत नाही. एवढं बोलून मुकुंदराव वर जायचे आणि कालिंदीबाई गार झालेलं ताट मुकाट्यानं बदलून द्यायच्या. दोघांच्या घरात तिसरं माणूस नव्हतं, त्यामुळे एकमेकांची वाट बघण्याची त्यांना सवय होती.

पुण्याहून तीन वर्षांसाठी म्हणून ते इकडे आले, त्याला आता अकरा वर्षं झाली होती. एका सरकारी कंपनीच्या गॅरेजात ते मोटार इन्स्पेक्टर. कंपनीचं नाव कशाला हवंय तुम्हाला? एकतीस गाड्या, बहुतेक म्हाताऱ्या अँबॅसिडर, आणि हाताखाली तीन मेकॅनिक, त्यातला एक कायम आजारी. गॅरेजच्या फाटकाशी एका मेजावर सुतळीनं बांधलेली तक्रार-वही असायची. गाडीला काही होत असेल तर ड्रायव्हरनं सकाळी येऊन तिचा नंबर घालून बंगालीत लिहायचं. सही कुणी करत नसे, नंबरावरून माणूस कळायचा. मुकुंदराव बंगाली वाचायला शिकले ते त्या वहीवरच. शेवटच्या रकान्यात त्यांनी शेरा मारून सही केली की गाडी फाटकाबाहेर. रोज साडेसहाला ते त्या वहीपुढे बसायचे, आणि संध्याकाळी घरी गेल्यावर चपला काढण्याचंही त्राण नसायचं.

आता या गॅरेजात एक जुना प्रघात होता. दुर्गापूजेच्या आधीच्या आठवड्यात वही भरून वाहायची. गाडी दुरुस्तीला लागली की तिच्या ड्रायव्हरला ड्युटी नाही, आणि ड्युटी नाही म्हणजे दोन दिवस आधी गावाकडे जाता येतं. त्यामुळे वर्षभर कधी न कण्हणाऱ्या गाड्याही त्या आठवड्यात खोकायला लागायच्या. गॅरेजातली माणसं त्याला 'पूजेचा खोकला' म्हणायची. त्या पानांवर वरपासून खालपर्यंत एकच शेरा मारायचा, 'दोष आढळला नाही', आणि सही ठोकायची, ही रीत मुकुंदरावांच्या आधीपासून चालत आलेली. बॉनेट उघडायचंदेखील नाही. ते स्वतः दहा वर्षं तसंच करत आले होते आणि दहाही वर्षं पूजा झाल्यावर सगळ्या गाड्या आपोआप बऱ्या झाल्या होत्या.

बहात्तर सालच्या पूजेआधी त्या वहीत सत्तावीस नंबरची तक्रार तीन दिवस सलग आली. सत्तावीस नंबर म्हणजे हरिपद मंडल. पन्नाशीचा, काटक, अबोल माणूस. दोन शब्दांत काम होत असेल तर तिसरा बोलायचा नाही. पहिल्या दिवशी तक्रार आली, सकाळी खालून टकटक, तापल्यावर जाते. दुसऱ्या दिवशी, चढावर जोर नाही. तिसऱ्या दिवशी, वळताना तेलाचा दिवा. जिभेवर ओली करायच्या जांभळ्या कॉपिंग पेन्सिलीनं लिहिलेलं, बारीक तिरकं अक्षर, ओळीतलं शेवटचं अक्षर खाली ओढलेलं. मुकुंदरावांनी ते वाचलं का? डोळ्यांखालून गेलं खरं. त्या तीन दिवसांत त्यांनी ऐंशी तक्रारींवर सह्या केल्या, त्यांतल्या या तीन.

चौथ्या दिवशी दुपारी, गोदीकडे जाणाऱ्या मालगाडीच्या रुळांवर, सत्तावीस नंबरचं इंजिन जाम झालं. हरिपद गाडीत एकटाच होता. उतरून बाजूला झाला असता तर आज असता. पण गाडी कंपनीची, म्हणून तो मागून ढकलत राहिला, आणि इंजिन न लावता सोडलेले मालाचे डबे येतात तेव्हा त्यांचा आवाज होत नाही. मुकुंदराव तिथे पोचले तेव्हा माणसाला नेलं होतं. त्यांनी चेपलेलं बॉनेट पहारीनं उचकटलं आणि आत हात घातला. तेल नावाला उरलं नव्हतं, बेअरिंग जळून निळं पडलं होतं. त्यांना तिथल्या तिथे सगळं कळलं आणि ते रुळांच्या कडेला खाली बसले.

चौकशी अर्ध्या तासाची झाली. वही पुढे ठेवली, तीनदा 'दोष आढळला नाही', खाली इन्स्पेक्टरची सही. चूक ड्रायव्हरची ठरली. मुकुंदरावांना एकच प्रश्न विचारला गेला, आणि त्यांनी वहीकडे बोट दाखवलं. आठ दिवसांनी हरिपदची बायको बीना गॅरेजवर आली. तिला बाकी काही नको होतं. तिनं विचारलं, गाडी चांगली होती ना, साहेब? मुकुंदराव म्हणाले, चांगली होती. ती मान हलवून निघून गेली. ते दोन शब्द बोलून मुकुंदराव वहीपुढे जाऊन बसले. लाज वाटली, भीती वाटली, आणि दोन्हींपेक्षा जास्त, फार दमल्यासारखं वाटलं.

डिसेंबरात एका सकाळी ते नेहमीसारखे गॅरेजला आले. नदीकडून धुकं आलं होतं आणि त्यात बस्तीतल्या कोळशाच्या चुलींचा धूर मिसळून नाकात जात होता. दरवान फाटकाशी शेकत बसला होता. मुकुंदरावांनी वही उघडली. पहिलीच ओळ जांभळी होती. गाडी नंबर चौदा, सकाळी खालून टकटक. अक्षर बारीक, तिरकं. शेवटचं अक्षर खाली ओढलेलं.

त्यांनी ओळीवरून बोट फिरवलं. अक्षरं ओली होती. बोटाला जांभळा डाग लागला.

दरवान म्हणाला, तुमच्या आधी कुणी आलं नाही. चौदा नंबरचा ड्रायव्हर आला तो म्हणाला, मी काही लिहिलं नाही, माझी गाडी उत्तम आहे. मुकुंदरावांनी पेचकस लावला. बराच वेळ काही ऐकू आलं नाही... आणि मग अगदी खालून, खोलातून, आली ती टकटक. इतकी बारीक की आणखी महिनाभर कुणाच्या कानावर पडली नसती. इंजिन उतरवलं. बेअरिंग झिजलेलं होतं.

त्यानंतर आठवड्यातून एकदा, कधी दोनदा, ती ओळ येऊ लागली. कधी पाच नंबर, कधी एकोणीस. दर वेळी खरी. मुकुंदरावांनी ही गोष्ट कुणालाही सांगितली नाही, कालिंदीबाईंनाही नाही. सांगणार काय? की मेलेला माणूस ड्युटीवर येतो? पण मनाशी त्यांनी हिशोब बसवला होता. हरिपदला राग असता तर त्यानं इशारे दिले नसते. तो आपलं काम करतोय, आपण आपलं करावं, बॉनेट उघडावं. पहिल्यासारखी दहशत राहिली नाही. उलट चार महिन्यांत एकही गाडी रस्त्यात बंद पडली नाही म्हणून वरिष्ठांनी त्यांची पाठ थोपटली. पण झोप काही धड लागेना. पहाटे चारलाच डोळे उघडायचे, आणि आज कुठला नंबर असेल, असा विचार करत ते आढ्याकडे बघत पडून राहायचे.

एप्रिलच्या शेवटी, उकाड्यानं जीव नकोसा झालेल्या एका सकाळी, ओळ आली पण नंबर आला नाही. रकाना कोरा. पुढे लिहिलं होतं, सकाळी पहिल्यांदा आवाज, मग थांबतो.

मुकुंदरावांनी त्या दिवशी एकतीसच्या एकतीस गाड्यांना पेचकस लावला. दुपारचे तीन वाजले. शर्ट पाठीला चिकटला, कान हुळहुळायला लागला, एकाही गाडीत काही नव्हतं. मेकॅनिक एकमेकांकडे बघत होते. दुसऱ्या दिवशी परत कोरा रकाना, आणि पुढे... चढताना मधेच थांबावं लागतं. तिसऱ्या पायरीनंतर.

पायरी? गाडीला कुठली आली पायरी?

ते दुपारीच घरी निघाले. बसमधून उतरून त्यांच्या इमारतीकडे वळले तर समोर कालिंदीबाई भाजीची पिशवी घेऊन जिना चढत होत्या. मुकुंदरावांनी हाक मारली नाही. खालीच उभे राहिले. एक पायरी, दुसरी, तिसरी. कालिंदीबाई थांबल्या. पिशवी खाली ठेवली, कठड्याला धरलं, डोळे मिटले. नंतर पदरानं तोंड पुसून वर जाऊ लागल्या. त्यांना वाटलं होतं, कुणी बघत नाही.

वर गेल्यावर मुकुंदरावांनी विचारलं, हे कधीपासून? त्या म्हणाल्या, काय कधीपासून, उकाडा काय थोडा आहे का. सकाळी उठल्यावर जरा खोकल्याची ढास लागते, तोंड धुतलं की जाते. सांगण्यासारखं त्यात काय आहे? आणि तुम्ही घरी असता कधी सांगायला?

"इकडे पाठ कर," मुकुंदराव म्हणाले.

त्यांनी बायकोच्या पाठीला कान लावला. लग्नाला चोवीस वर्षं झाली होती, पण असा कान त्यांनी फक्त इंजिनाला लावला होता. ठोके येत होते. धडधड... धडधड... आणि मग एक जागा रिकामी. पुन्हा दोन ठोके घाईघाईनं, पुन्हा रिकामी जागा. त्यांना तो आवाज ओळखायला पेचकस लागला नाही.

भवानीपूरला डॉक्टर गुरुदत्त नाडकर्णी होते. तीन पिढ्या कलकत्त्यात काढलेलं घर, आपल्या लोकांचे सगळ्यांचे तेच डॉक्टर. त्यांच्या दवाखान्यात त्या संध्याकाळी बाकड्यावर पंधरा-वीस बायका बसल्या होत्या. डॉक्टरांनी कालिंदीबाईंची नाडी बघितली, नळी लावली न लावली आणि हसून म्हणाले, काही नाही वहिनी, एप्रिल-मेमध्ये माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक बाईला धाप लागते, जीवनसत्त्वाच्या गोळ्या घ्या, पाऊस पडला की आपोआप बरं वाटेल. बोलता बोलता त्यांचा हात कागदावर लिहीतही होता, आणि डोळे दारातल्या पुढच्या पेशंटकडे लागले होते. मुकुंदराव त्या लिहिणाऱ्या हाताकडे बघत राहिले. असा हात त्यांनी पाहिला होता. तो त्यांचाच होता.

"डॉक्टर, उघडून बघा," ते म्हणाले.

डॉक्टर म्हणाले, अहो टिपणीस, माणसाला बॉनेट नसतं. कालिंदीबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं, त्या नवऱ्याची बाही ओढायला लागल्या. पण मुकुंदराव जागचे हलले नाहीत. आवाज चढवला नाही, हात जोडले नाहीत, नुसते टेबलाशी उभे राहिले आणि सांगितलं, मोठ्या इस्पितळाच्या नावानं चिठ्ठी द्या, नाहीतर मी इथून जात नाही. बाकड्यावरच्या बायका कुजबुजायला लागल्या. डॉक्टरांनी वैतागून चिठ्ठी लिहून दिली.

तिसऱ्या दिवशी सकाळी मुकुंदराव गॅरेजला गेलेच नाहीत. तिसरी ओळ वाचायची त्यांच्यात हिंमत नव्हती. चौथा दिवस उजाडायच्या आत कालिंदी इस्पितळात असली पाहिजे, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं. टॅक्सीनं ते तिला घेऊन गेले, आणि तिथल्या व्हरांड्यात, स्ट्रेचरची वाट बघत बसलेल्या असताना, कालिंदीबाई बोलता बोलता बाजूला कलंडल्या. घरी असत्या तर काही करता आलं नसतं, असं तिथल्या सर्जननं नंतर सांगितलं. हृदयाची एक झडप अरुंद झाली होती. ऑपरेशन करून ती मोकळी केली. सर्जन म्हणाला, ही खूण तुम्ही इतक्या लवकर ओळखलीत कशी? तुम्ही डॉक्टर आहात का? मुकुंदराव म्हणाले, नाही, मी गाड्या बघतो.

सहा आठवडे कालिंदीबाई इस्पितळात होत्या. दुपारी वीज जायची, पंखे थांबायचे, आणि मुकुंदराव खाटेशी बसून वर्तमानपत्रानं वारा घालायचे. अशाच एका दुपारी त्यांनी कालिंदीबाईंना हरिपदची गोष्ट सांगितली. वहीतल्या जांभळ्या ओळींचं नाही सांगितलं. आजारी माणसाला कशाला? पण ऐंशी सह्यांचं, न उघडलेल्या बॉनेटचं, आणि बीनाला दिलेल्या उत्तराचं सगळं सांगितलं. मनात मात्र हेही होतं की ज्या माणसाचा आपण घात केला त्यानंच आपली बायको वाचवली. हे ओझं घेऊन जगणं आता जमणार नाही, असं वाटून ते बाईमाणसासमोर ओंजळीत तोंड घालून रडले.

कालिंदीबाईंनी हात लांबवून त्यांची ओंजळ खाली केली. मग म्हणाल्या, "मला सोडतील त्या दिवशी आधी तिच्याकडे जायचं. घरी गेलात की तुमच्यानं नाही व्हायचं ते."

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात त्यांना सोडलं. मुकुंदरावांनी गॅरेजातली नऊ नंबरची गाडी मागून घेतली, स्वतः दोनदा तपासली आणि स्वतःच चालवत आणली. दुपारचे चार वाजले होते, आभाळ भरून आलं होतं, पाऊस पडत नव्हता. मागच्या सीटवर उशा लावून कालिंदीबाईंना बसवलं. खिदिरपूरला एका अरुंद गल्लीत बीना राहायची, दुमजली जुन्या घराच्या वरच्या खोलीत. जिना उभा, शिडीसारखा. कालिंदीबाईंना तो चढणं शक्यच नव्हतं. गाडी खिडकीच्या बरोबर खाली लावून, काचा उतरवून, मुकुंदराव म्हणाले, दहा मिनिटांत येतो. त्या म्हणाल्या, सावकाश या, घाई करू नका.

खोली स्वच्छ होती. हरिपदचा फोटो नव्हता, त्याचा गणवेशाचा शर्ट खुंटीला होता. बीनानं त्यांना वेताच्या मोड्यावर बसवलं आणि स्वतः खिडकीशी उभी राहिली. मुकुंदराव घरून वाक्यं ठरवून आले होते, त्यांतलं एकही आठवेना.

"गाडी चांगली नव्हती," ते म्हणाले. "त्यानं तीनदा लिहिलं होतं. मी बॉनेट उघडलं नाही."

बीना रडली नाही, ओरडली नाही. तिनं फक्त विचारलं, हे तुम्ही तेव्हा का नाही बोललात? शेजारीपाजारी अजून म्हणतात, हरिपद गाडी चालवताना झोपला असेल. मुकुंदरावांनी मान खाली घातली. म्हणाले, उद्या ऑफिसात लिहून देतो, माझी नोकरी गेली तरी चालेल. ती म्हणाली, द्या. त्या एका शब्दानं त्यांना कितीतरी महिन्यांनी मोकळा श्वास घेता आला. आणि त्या मोकळेपणात त्यांच्या तोंडून निघून गेलं, हरिपदचं अक्षर फार सुरेख होतं, मी कधी विसरणार नाही.

बीना त्यांच्याकडे बघत राहिली. म्हणाली, साहेब, त्याला कुठे लिहिता यायचं? अंगठेबहाद्दर माणूस. पगाराच्या कागदावर अंगठाच लावायचा, विचारा तुमच्या ऑफिसात.

"मग... वहीत कोण लिहायचं?"

ती म्हणाली, गॅरेजातले एक बाबू होते ना. सकाळी हा गाडी पुसायला जायचा तेव्हा ते आधीच मागच्या सीटवर येऊन बसलेले असायचे. धोतर, पांढरा शर्ट, मांडीवर कागद. गाडीला काय काय होतं ते विचारायचे आणि लिहून घ्यायचे. फार बारकाईनं विचारायचे. शेवटी शेवटी तर गाडीचं सोडून यालाच विचारायचे, झोप लागते का, दम लागतो का. गेला त्याच्या आदल्या दिवशी ते पुढे येऊन बसले, तेव्हा हा मला म्हणाला, आज बाबू माझ्याशेजारी बसून आले.

गॅरेजात धोतर नेसणारा एकही माणूस नव्हता. अकरा वर्षांत नव्हता.

बीना खिडकीतून खाली बघत होती. सहज म्हणाली, "तेच ना हे, धोतरवाले? तुमच्या बाईंच्या शेजारी बसलेत ते?"

मुकुंदराव जिना कसा उतरले, त्यांना आठवत नाही. मधल्या दोन-तीन पायऱ्या त्यांनी गाळल्याच असतील. गल्लीत पान हलत नव्हतं. त्यांनी मागचं दार उघडलं. कालिंदीबाई सीटवर पाय पसरून, उशीला टेकून, डोळे मिटून आरामात पडल्या होत्या. शेजारी कुणी नव्हतं. त्यांनी वाकून कालिंदीबाईंच्या छातीशी कान नेला. ठोके एकसारखे, सरळ, एकही रिकामी जागा नाही. मुकुंदरावांना दारालाच धरून उभं राहावं लागलं. मग ते पुढे जाऊन बसले आणि गाडी सुरू केली.

इंजिन पहिल्याच फटक्याला लागलं. गल्लीतून बाहेर पडून त्यांनी पूल ओलांडला. हात त्यांनी स्टीअरिंगवर घट्ट दाबून धरले होते. छातीत जिना उतरल्याची धडधड अजून बसली नव्हती. मग शक्य तितक्या साध्या आवाजात त्यांनी विचारलं, मी वर असताना तुझ्याशी कुणी बोलत होतं का गं?

कालिंदीबाई म्हणाल्या, हो, तुमच्या ऑफिसातले ते धोतरवाले गृहस्थ. भारी सभ्य माणूस. सकाळी उठल्यावर कसं वाटतं, ढास लागते का, चढवतं का, सगळं विचारलं. मी म्हटलं, आता काही त्रास नाही, तेव्हा त्यांनी सगळं खोडून टाकलं, नीट एकेक ओळ.

मुकुंदरावांना हायसं वाटलं. इतकं की डोळे भरून आले आणि पुढचा रस्ता पुसट झाला.

"मग गेले कुठे ते?"

"गेले कुठे काय?" कालिंदीबाई डोळे न उघडताच म्हणाल्या. "पुढे बसलेत ना, तुमच्या शेजारी. म्हणाले, वहिनी, तुमचं झालं, तुम्ही आता खुशाल पाय पसरा."